नेपाळातील मुलांच्या सेवेस जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

पदवीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणारे तरुण, नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले शिक्षक आणि परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेमुली यांच्या मनात, काही काळ आपला देश सोडून दूरच्या वंचित समाजातील मुलांसाठी काम करावे, अशी इच्छा अलीकडे वारंवार उत्पन्न होताना दिसते. आणि ज्यांना ती होते त्यांपैकी पुष्कळांचे लक्ष स्वाभाविकपणे नेपाळकडे वळते, कारण १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे भारतीय नागरिकाला तेथे जाण्यास व्हिसा लागत नाही, लिपी आपलीच असल्यामुळे रस्त्यावरची पाटी पहिल्या दिवसापासून वाचता येते, आणि हिंदी चित्रपटांच्या प्रसारामुळे काठमांडूतील दुकानदाराशी बोलणेही अवघड जात नाही. ही इच्छा सात्त्विक आहे, तिचा अव्हेर करण्याचा माझा हेतू नाही. परंतु देशात प्रवेश करणे सोपे असले तरी मुलाच्या आयुष्यात प्रवेश करणे तितके सोपे नसते आणि ते तसे असूही नये. म्हणून या लेखातील पहिली सूचना कोणतीही भीडमुर्वत न ठेवता देणे मला कर्तव्य वाटते. ती अशी की, अनाथाश्रमात, बालगृहात किंवा तत्सम निवासी संस्थेत जाऊन तेथील मुलांसोबत राहण्याचे काम पत्करू नये. मग ती संस्था कितीही नीटनेटकी दिसो आणि तिची शिफारस कोणीही केलेली असो.

ही सूचना कठोर वाटेल याची मला जाणीव आहे, म्हणून तिची कारणे विस्ताराने सांगितली पाहिजेत. १९९६ ते २००६ या काळात नेपाळात माओवादी बंडखोर आणि शासन यांच्यात यादवी युद्ध चालू होते, आणि त्याची मोठी झळ कर्णाली खोऱ्यातील हुम्ला, जुम्ला यांसारख्या दुर्गम जिल्ह्यांना लागली. बंडखोर आपल्या मुलांना फौजेत ओढतील या धास्तीने ग्रासलेल्या आईबापांकडे दलाल येत, मुलाला राजधानीत नेऊन चांगल्या शाळेत घालतो असे आश्वासन देत, आणि त्या आश्वासनापोटी गरीब शेतकरी जमिनीचा तुकडा विकूनही रक्कम उभी करीत. काठमांडूत पोहोचल्यावर ही मुले कोठल्या तरी बालगृहात सोडून दिली जात, कित्येकांच्या आईबापांच्या मृत्यूचे खोटे दाखले तयार होत, आणि अशा रीतीने कागदावर अनाथ झालेल्या त्या मुलांकडे पाहून कळवळलेले परदेशी पाहुणे जे धन देत, त्यावर पुढचा सारा व्यवहार चाले. कॉनर ग्रेनन हा अमेरिकन तरुण काठमांडूच्या दक्षिणेस असलेल्या गोदावरी येथील एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून गेला होता. ज्या मुलांना तो अनाथ समजत होता त्यांचे आईबाप डोंगरापलीकडे जिवंत आहेत, हे कालांतराने त्याच्या ध्यानात आले. तेव्हा २००६ साली ‘नेक्स्ट जनरेशन नेपाळ’ ही संस्था स्थापून, मुलांची छायाचित्रे बरोबर घेऊन, हुम्ल्याच्या वाटा पायी तुडवीत तो त्या आईबापांच्या शोधास निघाला. स्वयंसेवकाने घ्यावयाचा धडा मला या शोधयात्रेत दिसतो. आधीच्या त्याच्या बालगृहातील वास्तव्यात नव्हे.

युद्ध संपले तरी हा व्यवहार संपला नाही. नेपाळातील बहुसंख्य बालगृहे काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाच जिल्ह्यांत एकवटलेली आहेत. कास्कीत पोखरा आहे, चितवनात गेंड्यांचे अभयारण्य आहे, आणि उरलेले तीन जिल्हे म्हणजे राजधानीचे खोरे. देशातील सर्वांत दरिद्री मुलूख यांपैकी एकातही नाही. बालगृहे दारिद्र्याच्या मागोमाग नव्हे, प्रवाशांच्या मागोमाग वाढली, हे नकाशा पाहूनच कळते. तेथे राहणाऱ्या बहुतेक मुलांची आई किंवा बाप, किंवा दोघेही, हयात असतात. २५ एप्रिल २०१५ रोजी जो प्रचंड भूकंप झाला, त्यात सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली. तो दिवस शनिवारचा, म्हणजे नेपाळातील साप्ताहिक सुटीचा होता, म्हणूनच कोसळलेल्या हजारो वर्गखोल्यांखाली मुले सापडली नाहीत. परंतु त्यानंतर लगेच, उद्ध्वस्त गावांतून मुले उचलून नेली जातील हे भय इतके खरे ठरू लागले की पालकांवाचून किंवा अधिकृत परवानगीवाचून मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यास शासनाने मनाई केली, नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि परदेशी दत्तकविधानही स्थगित ठेवले.

दुसरे कारण मुलाच्या मनाशी निगडित आहे, आणि माझ्या मते तेच अधिक गंभीर आहे. जॉन बोल्बी या इंग्रज मनोवैद्याने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालापासून पुढे, १९८९ नंतर रुमानियातील अनाथगृहांची दारे उघडल्यावर बुखारेस्टमध्ये झालेल्या दीर्घ अभ्यासापर्यंत, संशोधकांना एकच गोष्ट पुनःपुन्हा आढळली आहे, ती ही की लहान मुलाला अन्नवस्त्राइतकीच एका स्थिर, परिचित, रोज परत येणाऱ्या माणसाची गरज असते. बालगृहाच्या अंगणात पाऊल टाकताच एखादे मूल धावत येऊन अनोळखी पाहुण्याच्या कमरेला मिठी मारते, तेव्हा त्याने आपल्याला जीव लावला असे पाहुण्याला वाटते. वस्तुतः ज्या मुलाला घरचे माणूस आहे ते अनोळखी माणसाजवळ असे येत नाही, आईच्या पदराआडून पाहते. ही मिठी भुकेची खूण आहे. महिन्यामागून महिना नवा पाहुणा येतो, ती भूक जागी करतो, आणि निरोपाच्या दिवशी डोळे पुसत निघून जातो. त्याचे अश्रू खरे असतात, पण त्याच्यामागे राहिलेल्या मुलाच्या वाट्याला आणखी एक ताटातूट आलेली असते. संयुक्त राष्ट्रसंघाने २००९ साली संमत केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, केवळ दारिद्र्य हे मुलाला कुटुंबापासून वेगळे करण्याचे कारण होऊ शकत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ च्या अहवालात मुलांना अशा रीतीने अनाथगृहांत भरती करण्याच्या व्यवहाराची गणना आधुनिक गुलामगिरीत केली. आणि २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मुलांच्या हक्कांविषयीच्या ठरावात अनाथगृहांतील स्वयंसेवी पर्यटनाच्या अपायांचा नावानिशी निर्देश केला.

सर्वच बालगृहे अप्रामाणिक आहेत असे मी म्हणत नाही. ज्यांना खरोखर कोणी नाही अशी मुले आहेत, ज्यांच्या अपंगत्वाचा भार घर पेलू शकत नाही अशीही आहेत. पण त्यांना हवा असतो तो वर्षानुवर्षे टिकणारा, प्रशिक्षित, स्थानिक कर्मचारीवर्ग. आणि चांगली संस्था कोणती व लबाड कोणती याची पारख चार आठवड्यांसाठी गेलेल्या परक्या माणसाला करता येत नाही.

मग काम कोठे करावे, याचे उत्तर माझ्या मते एकाच तत्त्वातून निघते: मुलाला उपयोगी पडावयाचे असेल तर जी माणसे त्याच्याजवळ राहणार आहेत त्यांना उपयोगी पडावे. ही माणसे म्हणजे त्याची आई, त्याचा शिक्षक, गावातील आरोग्यसेविका, शाळेच्या व्यवस्थापन समितीचे सभासद. १९८८ सालापासून नेपाळात महिला सामुदायिक आरोग्य स्वयंसेविकांची योजना चालू आहे, आणि आज अशा सुमारे ५०,००० स्त्रिया आपापल्या वस्तीत लसीकरणाची आठवण देत, गरोदर स्त्रियांची विचारपूस करीत काम करीत आहेत. स्वयंसेवक तेथे पूर्वीपासूनच आहेत, आणि बाहेरून येणाऱ्याने त्यांच्या हाताखाली काम करावयाचे आहे, हे ज्याच्या मनात पक्के ठसले त्याची निम्मी तयारी झाली.

उदाहरणादाखल तराईतील धनुषा, सिराहा, सप्तरी या जिल्ह्यांतील मुसहर समाज घ्यावा. पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन राहिलेला, इतरांच्या शेतावर मजुरी करणारा आणि अस्पृश्यतेचा जाच सोसलेला हा समाज आहे. त्याची मुले घरी मैथिली बोलतात आणि शाळेत गेल्यावर त्यांच्यासमोर नेपाळी भाषेतले पुस्तक उघडले जाते. अशा ठिकाणी उत्साही पाहुण्याने आणखी एक परकी भाषा, म्हणजे इंग्रजी, शिकवावयास घ्यावी, हा मुलांवर अन्याय आहे. त्याऐवजी तेथील शिक्षिकेसोबत बसून, वस्तीतील म्हाताऱ्या स्त्रियांकडून मैथिली गोष्टी ऐकून, त्या मोठ्या अक्षरांत चित्रांसह लिहून काढल्या आणि पंधरावीस हस्तलिखित पुस्तिकांचा एक संच शाळेच्या कपाटात ठेवला, तर पाहुणा गेल्यानंतरही ती शिक्षिका ती पुस्तके वाचून दाखवील, आणि आपल्या आजीचे बोलणे कागदावर उतरलेले पाहून मुलांना शाळेविषयी जो विश्वास वाटेल तो दुसऱ्या कोणत्याही उपायाने निर्माण होणार नाही. मैथिली देवनागरीत लिहिली जात असल्यामुळे हे काम मराठी माणसाला इतर परदेशीयांपेक्षा अधिक सुलभ आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली मुलांसाठी जे केले त्याची आठवण येथे सहज होते. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून कुरणावर शाळा नेण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्यांचे लेखन नेपाळला जाण्यापूर्वी वाचावे, असे मी आग्रहाने सुचवीन.

पश्चिम तराईत थारू समाज आहे. तेथील कमैया ही वेठबिगारीची पद्धत जुलै २००० मध्ये शासनाच्या घोषणेने रद्द झाली, परंतु मुलींना वर्षाच्या कराराने परक्या घरी मोलकरीण म्हणून धाडण्याची कमलरी प्रथा त्यानंतरही अनेक वर्षे टिकली आणि २०१३ साली शासनाला तिच्या समाप्तीची स्वतंत्र घोषणा करावी लागली. या मुक्त झालेल्या मुलींपैकी कित्येकींना वय उलटून गेल्यावर शाळेत बसावे लागले. त्यांच्यासाठी गणिताची शिकवणी, हिशेब ठेवण्याचे शिक्षण, संगणकाचा परिचय यांची गरज असते, आणि ती त्यांनी स्वतः उभारलेल्या मंडळांमार्फत पुरी करणे उत्तम. पीडितांनी स्वतः चालवलेली संस्था काय करू शकते याचे उदाहरण आपल्याशी निकटचे आहे: मुंबईच्या वेश्यावस्तीतून सोडवून परत गेलेल्या नेपाळी मुलींनीच १९९६ साली ‘शक्ती समूह’ स्थापन केला, आणि २०१३ साली त्या संस्थेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता संस्थेची खातरजमा कशी करावी, याकडे वळू. नेपाळातील स्थानिक संस्थेची नोंदणी जिल्हा प्रशासन कार्यालयात होते आणि ठरावीक मुदतीने तिचे नूतनीकरण करावे लागते. परदेशी मदत घेणाऱ्या संस्थेला समाज कल्याण परिषदेशी संलग्न व्हावे लागते. हे दोन्ही दाखले, आणि गेल्या वर्षाचा लेखापरीक्षित जमाखर्च, मागण्यास संकोच करू नये. जी संस्था ते दाखवण्यास टाळाटाळ करील तिचा नाद सोडावा. आपण भरलेल्या शुल्कातील किती रक्कम गावात पोहोचते आणि किती मध्यस्थाच्या दफ्तरात राहते, हे लेखी विचारावे. पण याहून महत्त्वाची कसोटी उलट दिशेची आहे: ती संस्था आपली चौकशी करते काय? पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र न मागता, दोन जबाबदार गृहस्थांकडे आपल्याविषयी विचारणा न करता, केवळ पैसे भरल्यावर जी संस्था आपल्याला मुलांत जाऊ देते, ती दुसऱ्या कोणालाही तसेच जाऊ देत असणार. २०१९ साली नेपाळी न्यायालयाने, मुलांसाठी केलेल्या कार्याबद्दल स्वदेशात मानसन्मान मिळवलेल्या एका परदेशी समाजसेवकाला बालकांवरील लैंगिक अत्याचारांबद्दल शिक्षा सुनावली. कीर्ती हा चारित्र्याचा दाखला नव्हे, हे त्या खटल्याने सर्वांच्या निदर्शनास आणले. ज्या मराठी वाचकांजवळ भारतीय पारपत्र नाही त्यांनी हेही लक्षात ठेवावे की, पर्यटक व्हिसावर नेपाळात बिनपगारी कामसुद्धा करता येत नाही, आणि त्याकडे कानाडोळा करा असे सुचवणारी संस्था पहिल्याच पत्रात स्वतःची ओळख देत असते.

गावात पोहोचल्यावर मुख्याध्यापकांना भेटणे ओघानेच आले, परंतु वडा, म्हणजे प्रभाग, कार्यालयातही जावे. नेपाळच्या स्थानिक स्वराज्याच्या रचनेत प्रत्येक वड्याच्या निर्वाचित सभासदांमध्ये एक दलित स्त्री असावी असा नियम आहे. तिला भेटून, वस्तीतली कोणती मुले शाळेत येत नाहीत आणि का येत नाहीत, हे तिच्याकडून ऐकावे. शाळेच्या हजेरीपटात जे दिसत नाही ते तिला ठाऊक असते. बाप आखाती देशात मजुरीला गेला आहे, थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते आहे, हिवाळ्यात सारे कुटुंब वीटभट्टीवर निघून जाते, अशी कारणे तेथे निघतील. आपल्याकडील ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळेत ज्यांनी काम केले आहे त्यांना ही परिस्थिती समजावून सांगावी लागणार नाही, आणि अशा अनुभवी माणसांनी नेपाळला जावे असे मला विशेष वाटते.

मुदतीविषयी माझे मत स्पष्ट आहे. वर्गात मुलांसमोर उभे राहावयाचे असेल तर एका शालेय सत्राहून कमी काळ जाऊ नये. नेपाळी शालेय वर्ष विक्रम संवताच्या वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यास सुरू होते. शरद ऋतूत दसैं आणि तिहार या सणांची दीर्घ सुटी असते. आषाढात भातलावणी आली की पुष्कळ घरची मुले शेतात असतात आणि डोंगराळ भागात दरडींमुळे रस्ते बंद पडतात. हे सारे पाहून जाण्याची वेळ ठरवावी. नेपाळी भाषेचा अभ्यास आधी दोनतीन महिने करावा, आणि हिंदीवर भागेल या भरवशावर राहू नये, कारण शहरातील दुकानदाराला हिंदी येते म्हणून सिंधुपाल्चोकच्या तामांग आजीला ती येतेच असे नाही. ज्यांच्यापाशी पंधरवड्याचाच अवकाश आहे त्यांनी मुलांत न जाता मोठ्यांच्या उपयोगी पडावे: ग्रंथालयाची मांडणी, जमाखर्चाची पद्धत, शिक्षकांना संगणकाचे शिक्षण. किंवा त्यांनी घरीच राहावे. पश्चिम नेपाळातील अछाम, डोटी, बझाङ या जिल्ह्यांतील कुटुंबे कैक वर्षांपासून मुंबई-पुण्यात पहारेकऱ्याचे आणि घरकामाचे काम करीत आहेत, आणि त्यांची मुले पुष्कळदा दाखल्याअभावी शाळेबाहेर राहतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही या कारणास्तव प्रवेश नाकारता येत नाही आणि वयानुरूप वर्गात बसवावे लागते. हे बापाला ठाऊक नसते, कधी शाळेलाही नसते. त्या बापासोबत महापालिकेच्या शाळेत जाणे हे कोणत्याही परदेशगमनापेक्षा कमी मोलाचे काम नाही.

प्रत्यक्ष वर्तनाविषयी काही नियम सांगितले पाहिजेत. मुलाबरोबर एकांतात राहू नये. शिकवणी असली तरी दार उघडे आणि दुसरे मोठे माणूस दृष्टीच्या टप्प्यात असावे. मुलांना राहत्या जागी बोलावू नये, सहलीला नेऊ नये. भेटवस्तू एकेका मुलाला कधीच देऊ नयेत. वह्या, रंग, चेंडू जे काही द्यावयाचे ते मुख्याध्यापकांच्या हाती देऊन शाळेच्या नोंदवहीत लिहवून घ्यावे, आणि शक्यतो जवळच्या बाजारातूनच विकत घ्यावे. छायाचित्राच्या बाबतीत तर अधिक कडक राहावे. फाटक्या कपड्यांतले, शेंबूड आलेले, रडणारे मूल आपण आपल्या गावी न विचारता टिपून शेकडो अनोळखी लोकांना दाखवणार नाही. मग परक्या देशातल्या आईच्या मुलाचे तसे करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आईबापांची संमती घेतली तरी मुलाचे नाव, शाळा आणि गाव एकत्र प्रसिद्ध करू नये. एखाद्या मुलाने मारहाणीची किंवा त्याहून वाईट गोष्ट विश्वासाने सांगितली, तर ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. शांतपणे ऐकावे, खोदून प्रश्न विचारू नयेत, त्याच दिवशी त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे आणि संस्थेच्या बालसंरक्षण अधिकाऱ्याला कळवावे. संस्थाच संशयास्पद असेल तर नेपाळातही मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक १०९८ हाच आहे.

पैशाचा प्रश्न नाजूक असतो. गावात एकदा ओळख झाली की कोणी ना कोणी मुलाच्या फीसाठी, औषधासाठी, कधी जावयाच्या परदेशी नोकरीसाठी रक्कम मागेल, आणि मागणाऱ्याची निकड खोटी नसेल. तरीही व्यक्तिगत देणगी देऊ नये असे माझे मत आहे, कारण एका घराला दिलेली मदत शेजारच्या दहा घरांत दुजाभाव निर्माण करते आणि पुढच्या पाहुण्याकडे पाहण्याची गावाची दृष्टीच पालटून टाकते. शाळेच्या व्यवस्थापन समितीमार्फत, सर्वांसमक्ष, पावती घेऊन दिलेल्या थोड्या रकमेने हे घडत नाही.

परतण्याची तयारी पहिल्या दिवसापासून करावी. आपण केव्हा जाणार हे मुलांना आरंभीच सांगावे, वर्गातील नेपाळी दिनदर्शिकेवर ती तिथी दाखवावी, आणि अधूनमधून तिची आठवण द्यावी, म्हणजे निघण्याचा दिवस त्यांच्यावर अकस्मात कोसळणार नाही. अखेरच्या दोनतीन आठवड्यांत स्थानिक शिक्षिकेने शिकवावे आणि आपण मागच्या बाकावर बसावे. तयार केलेले साहित्य, त्याचा वापर कसा करावयाचा याच्या टिपणासह, तिच्या स्वाधीन करावे. पुन्हा येण्याची निश्चिती नसेल तर ‘पुढच्या वर्षी येईन’ हे शब्द तोंडातून काढू नयेत. घरी पोहोचल्यावर पत्र लिहावयाचे असेल तर ते एकेका मुलाच्या नावे नव्हे, साऱ्या वर्गाच्या नावे, मुख्याध्यापकांच्या पत्त्यावर आणि मुलांना स्वतः वाचता येईल अशा सोप्या नेपाळीत लिहावे.